धड पंखाला ठिगळ

हँगरमध्ये त्याला सगळे ठिगळकाका म्हणत. जन्मभर विमानं दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून बरं नाव मिळायला हरकत नव्हती, पण नावं ठेवणाऱ्यांनी ठेवलं आणि ते चिकटलं.

कारणही तसंच होतं. फ्लाइंग क्लबाच्या त्या हँगरमध्ये एक जुनं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं पिवळं विमान होतं. एके काळी टीव्हीवरच्या साहसमालिकेत ते उडायचं. एका भागात खलनायकाची गोळी त्याच्या पंखातून आरपार जाते आणि नायक खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल भोकावर चिकटवून हसत हसत उडून जातो. लोक त्या रुमालावर फिदा झाले. खरं तर भोकबिक काही नव्हतंच. शूटिंगच्या दिवशी ठिगळकाकानं, तेव्हा तो कुणाचाच काका नव्हता, धडधाकट पंखावर स्वतःचा रुमाल चिकटवून दिला होता. टाळ्या नायकाला मिळाल्या, रुमाल याचा गेला.

मालिका संपली, विमान राहिलं आणि ठिगळही राहिलं. बघायला येणारे त्याच्यावर बोट ठेवून फोटो काढायचे. पंखाचं कापड जुनं झालं की बदलायचं, आणि बदललं की कोऱ्या कापडावर पुन्हा नवा रुमाल. बायको कपाळाला हात लावायची. "मी फाटक्याला ठिगळं लावून दमले आणि तुम्ही धड कापडाला लावताय. अहो, एवढी हौस आहे तर घरचे पडदे शिवा की!"

हौस कसली? वैताग होता नुसता. मागच्या खेपेला क्लबाचा नवा सेक्रेटरी स्वतःहून म्हणाला होता, "काका, काढून टाका आता ते. कोण विचारतंय त्या मालिकेला?" ठिगळकाकाला हायसं वाटलं होतं. पण लेक आडवी आली, म्हणजे लेकीची आठवण. लहानपणी तो तिला उचलून पंखापाशी धरायचा. ती ठिगळावर बोट ठेवून विचारायची, "बाबा, इथंच लागली ना गोळी?" तो म्हणायचा, "इथंच." आता ते काढायचं कोणत्या तोंडानं? त्यानं निमूटपणे रुमाल चिकटवला.

तीच लेक आता क्लबात विमान चालवायला शिकवत होती. मालिकेच्या वर्धापनदिनाला हे विमान तिनं उडवायचं ठरलं होतं. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून ती या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. त्यानंतर ठिगळकाका निवृत्त होणार होता. आणि त्याला व्हायचंच होतं. गुडघे कुरकुरत होते, डोळे दगा देत होते, आणि विमान म्हटलं की आताशा त्याला फक्त बसायला स्टूल हवं असायचं.

आदल्या दिवशी तो शेवटची तपासणी करत होता. जुना रुमाल मळला होता, म्हणून बदलायला नवा खिशात आणला होता. ठिगळ सोलताना त्याचा अंगठा आत गेला. मागच्या खेपेनंतरच्या इतक्या वर्षांत रुमालाखाली ओल धरून धरून कापड कुजलं होतं, आणि त्याखालची पंखाची मुख्य लाकडी फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. दर तपासणीला तो पंख बारकाईनं बघायचा, पण त्या एका जागी ठिगळ होतं म्हणून त्यानं कधी दाबून पाहिलं नव्हतं.

लेक आली तेव्हा तो स्टुलावर बसून होता.

"उद्या उडायचं नाही," तो म्हणाला.

"का? मी उडवणार म्हणून? दुसरा कुणी असता तर उड्डाणाच्या कागदावर सही केली असतीत ना?"

वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो उठला, तिचं बोट धरलं आणि त्या जागी टेकवलं. बोट लाकडात रुतलं. फळी बदलायचा खर्च क्लब करणार नाही आणि विमान आता उडायचं थांबून संग्रहालयात काचेमागे जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"इथं गोळी कधीच लागली नव्हती गं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी लावत राहिलो. तुझा हिरमोड नको म्हणून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, दरवेळी नवं कापड यायचं. नव्या कापडाला भोक कुठून येणार? शाळेतच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं लावायचात..."

ठिगळकाका पुन्हा स्टुलावर बसला. त्याला हसावं की रडावं कळेना. लेकीला मात्र कळलं होतं. ती पंखाला टेकून रडत होती. त्यानं खिशातला कोरा, निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.