जनाकाकूंची भवानी

भवानी झाल्याशिवाय जनाकाकू चहा पीत नसत. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. समोरचा चहावाला पांडू सकाळी ग्लास आणून ठेवी. काकू त्यावर बशी झाकत आणि रस्त्याकडे पाहत बसत.

बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलं नाही. आपल्या स्टेशनाच्या फाटकाला लागून जुनी बाजारपेठ आहे, तिथे त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. गाडी यायची, फाटक पडायचं, मुरबाडकडच्या जीपा थांबायच्या आणि बायका उतरून काकूंसमोर हात पुढे करायच्या. "फाटक पडलं की माझी लक्षुमी दारात उभी," त्या म्हणत. बांगडी चढवताना टोमणाही असे, "हात हाय का लाकूड, गो? सासूवरचा राग हितं नको."

मग रुळांवर पूल झाला आणि फाटक कायमचं बंद झालं. जीपा डोक्यावरून जाऊ लागल्या. कापडवाला गेला, भांडीवाला गेला. काकूंचा चहा दुपारपर्यंत निवू लागला. मी तुमच्या नावाने, दर वेळी एकाच मापाच्या, बांगड्या घेऊ लागले. एकदा त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"वैनी, नातीचा हात येवढ्या वर्सांत वाढलाच नाय? भीक नका घालू. भवानी गिऱ्हाइकाची लागते."

त्यानंतर त्या मला काही विकेनात.

दुकान रिकामं करायच्या दिवशी मी संध्याकाळी गेले. ग्लासावर बशी तशीच होती.

"आज तरी भवानी व्हावी, वैनी. उपाशी नाय उठायचं मला हितून."

मी माझाच हात पुढे केला. तुमचे आजोबा गेल्यापासून त्यावर काच चढली नव्हती. विधवेचा हात काकूंनी जन्मात भरला नव्हता, भवानीला तर नाहीच. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं.

"ठेवाल हातात? का घरी जाऊन काढाल?"

"नाही काढणार."

पेटीत उरलेली शेवटची हिरवी बांगडी त्यांनी हलकेच चढवली. व्हिडिओ कॉलवर तुम्ही जिच्याबद्दल विचारता, ती हीच.

पैसे कपाळाला लावून त्यांनी हाक मारली, "पांडू, गरम आन रे." चहा आला. त्यांनी पहिला घोट घेतला. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. काकूंनी घाईघाईने ग्लास खाली ठेवला, पदर सावरला आणि बांगड्यांची रिकामी पेटी पुढे ओढली.

रस्त्यावर कोणीच नव्हतं.