बोट जिनाचं, हात कोणाचा?

आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलायचे ते खांबाच्या मार्फत. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग घरातला मधला खांब कामी यायचा. "खांबा, त्या बाईले सांग, आज वरणात दाळ पाहुणी म्हणून आली हाये." मी पदर पुढे ओढून खांबालाच म्हणायची, "सांग त्यायले, पाहुणी गरीब घरची हाये." जाऊबाई चुलीपुढे हसून लोळायच्या. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर भासऱ्यांनी घरातले सगळे देव नदीत सोडले, पण मला 'सूनबाई' म्हणून हाक मारणं काही त्यांना जमलं नाही. "देव सुटले, भासरेपण सुटेना ह्यायचं," असं जाऊबाईंचं म्हणणं.

दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते रोलरवर कापूस सोडायचे. कामावरून आले की अंगावरची रुई झटकायची आणि तिन्ही पोरींना ओळीनं बसवून वेण्या घालायच्या. गडीमाणसाचं हे काम का, म्हणून शेजारणी हसत. ते म्हणत, "तुमच्या पोरी पाठवा, त्यायच्याही घालून देतो." आणि बाई, पाठवायच्या हो त्या.

एका हंगामात उजव्या हाताचं बोट रोलरमध्ये सापडलं. एक पेर गेलं, एवढंच. दवाखान्यात ठेवून घेतलं. जाऊबाई बाळंतीण, म्हणून डबा घेऊन मी जायची. तिथं खांब नव्हता. मग खाटेच्या लोखंडी दांडीशी बोलणं चाले.

शेजारच्या खाटेवर पाय सडलेला एक म्हातारा होता. पट्टी बांधणारा आधी त्याचा पू काढायचा, आणि तोच चिमटा, तीच वाटी घेऊन आमच्याकडे वळायचा. भासरे दांडीला म्हणाले, "त्या बाईले सांग, बुढ्याचा चिमटा मले लावून राह्यले." मी त्या माणसाला म्हटलं, "भाऊ, चिमटा उकळून घ्या ना."

तो काही वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. म्हणाला, "बाई, स्टोव्हात रॉकेल नाही. वरून आलंच नाही. तुम्ही आणून देता काय?"

दुसऱ्या दिवशी मी पदराखाली बाटली लपवून नेली. तोवर भासऱ्यांना ताप भरला होता आणि हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. पुढं तो कोपराच्या वरून कापला.

घरी आल्यावर ते जिनात गेले. दिवाणजी म्हणाले, "बोट आमच्याकडे गेलं, त्याचे पैसे काढून ठेवले हायेत. घे अन् मिटव. हात दवाखान्यात गेला, तो तिथं माग." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जखम जिनातून आली. आम्ही जीव वाचवला तुझा." भासरे घरी येऊन खांबाला म्हणाले, "बोट जिनाचं, जीव दवाखान्याचा. मंग हातच तेवढा माझा?"

बोटाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. घेतले तर हात सोडून दिला असं होईल, म्हणत. बाजाराच्या दिवशी जिनाच्या फाटकाशी उभे राहायचे. जुने सोबती आत जाताना विचारायचे, "काय भाऊ, सापडला का हात?" "शोधून राह्यलो," म्हणायचे आणि हसायचे. मग नुसतेच हसायचे. मग तेही नाही. त्याच फाटकातून जाऊबाई कापसातला कचरा वेचायला आत जायच्या, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत नसत.

पोरी आईकडून वेण्या घालून घेऊ लागल्या.

असे काही हिवाळे गेले. मग खोकला लागला आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत. आमचे हे वखारीवर लाकडं उधार मागायला गेले, ते हात हलवत परत आले. प्रेत घरात, आणि जाऊबाई डोक्यावर पदर घेऊन उठल्या. मी सोबत जिनात गेले.

दिवाणजींनी पैसे पुढे सरकवले. "बोटाचे," म्हणाले. "मंग मिटलं ना आता?"

जाऊबाई म्हणाल्या, "मिटलं."

त्या पैशांत लाकडं आली.