वसुधाताईंची लाल वर्तुळं

कॅनडात, बर्नाबीतल्या एका कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये एक मराठी बाई कोरियन सुलेखन शिकवतात, हे ऐकून निवृत्तीनंतर मी निव्वळ कुतूहलापोटी तिथे गेलो. सहाणेवर चंदन उगाळावं तशी शाई उगाळून पहिला कागद लिहून दिला. तो परत आला तेव्हा काही अक्षरांभोवती लाल वर्तुळं होती. आपल्या शाळांत वाढलेला मी. माझा चेहराच पडला.

"अहो, रिलॅक्स!" वसुधाताई हसल्या. "कोरियन रीतीत लाल गोल म्हणजे अक्षर छान जमलंय. बाकीची मी इग्नोर केलीत."

ताई मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ही कला त्या शेजारच्या कोरियन आजींकडून शिकल्या. 'हे असं का?' विचारण्याची त्यांची खोड आम्हालाही लागली. त्यातूनच कळलं, की कोरियाच्या राजाने प्रजेसाठी सोपी लिपी घडवली तेव्हा विद्वानांनी नाकं मुरडली. बायकांनी मात्र ती आपली मानली. राजवाड्यातल्या स्त्रियांनी पत्रं लिहिता लिहिता तिला जो घाट दिला, ती 'कुंगचे' शैली. त्या बहुतेकींची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, याची ताईंना फार हळहळ वाटते.

गुरूने नमुना लिहायचा आणि शिष्याने तो गिरवायचा, ही वर्गाची रीत. आईच्या आजारपणात मी नाशिकला अडकलो, तेव्हा ताईंनी माझ्यासाठी नमुने टपालाने धाडले होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. आता वर्ग संपला, असंच आम्ही धरून चाललो. मला तर भेटायला जायचा धीर होईना. शेवटी त्यांचाच फोन आला.

"अहो, डावा हात आहे ना! मला बिगिनर समजा. नमुना तुम्ही लिहून आणा."

गुरूसाठी शिष्याने नमुना लिहायचा! मी घाबरतच लिहिला. ताईंनी तो डाव्या हाताने गिरवला. अक्षरं वेडीवाकडी आली. त्यांनी लाल शाई माझ्यापुढे सरकवली.

"करेक्ट करा."

मी बराच वेळ कागद न्याहाळला. एका अक्षराची उभी रेघ खरोखर सुरेख उतरली होती. त्याभोवती वर्तुळ काढलं.

"हे दयेपोटी नाही ना?"

"नाही, ताई."

"मग बाकीची का बिघडली, ते सांगा."

ताई आता पंच्याहत्तरीत प्रवेश करत आहेत. त्यांना खूप वर्षं मिळोत, तब्येतीची साथ मिळो. लाल शाई मी उगाळत राहीन. पण ताई, तुमच्याच शिस्तीप्रमाणे, वर्तुळ जमलेल्या अक्षरालाच मिळेल.