विमलताईंचा सोफा आणि नामदेवचा डबा

भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. घर दुसऱ्याचं, नळ दुसऱ्याचा, भिंत दुसऱ्याची. काही ना काही होतच राहतं. हिंगण्याच्या कंपनीत हेल्पर होतो तेव्हा आम्ही पुष्कळ घरं बदलली. पण सगळ्या घरांचे मिळून जेवढे किस्से झाले नसतील, तेवढे हुडकेश्वरच्या या घरातल्या एका सोफ्याने दिले. तेव्हा हसू आलं नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की मी आधी सोफ्याकडे पाहायचो. आता सांगतो. मला भरभर सांगता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

*

घर पाहायला गेलो तेव्हा घरमालकीण विमलताईंनी खोल्या झटपट दाखवल्या. "हे किचन, हे बाथरूम, पाणी सकाळी येते." मग हॉलमध्ये आणलं आणि तिथेच थांबल्या. मधे सोफा. तीन माणसं बसतील एवढा, दुधाच्या सायीसारख्या रंगाचा.

"आमच्या ह्यायनं आणला होता. जिन्यातून आलाच नाही, दोर बांधून बाल्कनीतून चढवला. आता खाली उतरत नाही. म्हणून भाडेकरू बदलते, सोफा तिथंच राहते."

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ताई एकट्या खालच्या मजल्यावर. गळ्यात तुळशीची माळ. अटी दोनच सांगितल्या. घरात मटण-मच्छी आणायची नाही, आणि सोफ्यावर डाग पडू द्यायचा नाही.

मी भीतभीत विचारलं, "ताई, बसायचं का नाही याच्यावर?"

"बसा न भाऊ! सोफा कायले असते?"

तरी पहिला आठवडा आम्ही नवराबायको खाली सतरंजीवरच बसलो. एक दिवस ताई वर आल्या, आम्हाला जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि घाबरून म्हणाल्या, "काहून गा भाऊ, ढेकणं झाले का सोफ्यात?"

*

माझी बायको शकू माणसांत पटकन मिसळणारी नाही. रामटेककडच्या खेड्यातली. शहरात इतकी वर्षं काढली, पण कोणाच्या दारात जाऊन बसली नाही. मी शिफ्टला, मुलगा शाळेत, मग मुलगा पुण्याला. ती आणि भांडी.

या घरात आल्यावर मात्र नवल झालं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ताई लोखंडी जिना वाजवत वर यायच्या. सोफ्याच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला शकू, आणि मधे चहाचा ट्रे. काय बोलायच्या देव जाणे. मी बाल्कनीत बसून हसण्याचा आवाज ऐकायचो. शकू एवढी हसते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

एकदा ती मला म्हणाली, "ऐकलं का जी, हे घर आता सोडायचं नाही. मले इथं कोणीतरी भेटलं."

मी म्हटलं, "नाही सोडत."

आता एवढं कबूल केल्यावर साळा येणारच!

*

नामदेव, शकूचा धाकटा भाऊ. स्वभावाने सोनं, पण हात काही स्थिर नाही. संक्रांत होऊन काही दिवस झाले होते. ताई दोन दिवसांसाठी लेकीकडे गेल्या होत्या. नेमका तेव्हाच नामदेव आला, हातात स्टीलचा डबा.

"भाऊजी, सावजी मटण! तर्री पहा, आरशासारखी."

शकू म्हणाली, "घराबाहेर ने पहिले!"

"बाई, घरमालकीण घरी आहे का?"

"नाही."

"मग वास कोनाले येते?"

खोटं कशाला सांगू, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. खिडक्या लावल्या, उदबत्त्या पेटवल्या. आम्ही दोघं खाली बसलो. नामदेवला क्रिकेटची मॅच पाहायची होती, म्हणून तो ताट घेऊन सोफ्यावर.

शकू ओरडली, "खाली बस!"

"बसून राहिलो न वं, एवढी ओव्हर होऊ दे."

त्या ओव्हरमध्ये सिक्स बसला. नामदेव उभा राहिला. ताटही उभं राहिलं.

मधल्या सीटवर लाल तर्री पसरत गेली. नामदेवने वाकून ताटात पाहिलं.

"भाऊजी, पीस तर वाचले सगळे!"

*

शकूने ताबडतोब साबण लावला. मसाल्यातल्या हळदीला साबण लागला की ती लाल होते हे तिला काय माहीत नव्हतं? पण घाबरलेल्या माणसाचे हात आधी चालतात. तेल निघालं, पण खालचा पिवळा डाग साबण लागताच लालभडक झाला. घासू तसा वाढू लागला. कडेने पिवळा, मधे लाल.

मुलाला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने डाग पाहिला, मग बराच वेळ आईचा चेहरा पाहिला.

"आई, लिंबू लाव."

लिंबू लावलं. सोडा लावला. टूथपेस्ट लावली. सुनेने एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई टिचकी मारते आणि डाग जातो. शकूने तो दोनदा पाहिला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"इचा सोफाच दुसरा असते जी. टिचकी मारली का सोफा बदलवते."

*

ताई परत आल्या त्या संध्याकाळी आम्ही सोफ्यावर मोराच्या चित्राची मोठी चादर टाकून ठेवली. ताई बसल्या, चादर चाचपली.

"काय वं शकू, सोफ्याले थंडी वाजून राहिली का?"

"हो न ताई, यंदा गारठा लय आहे."

"काढ ते. माणूस पांघरून बसते, सोफा नाही."

काढणार म्हणून सांगितलं आणि रात्रभर तळमळलो.

दुसऱ्या दिवशी चादर काढली आणि चादरीच्या जागी मी बसलो.

म्हणजे खरंच! दिवाबत्तीच्या आधी मी जाऊन मधल्या सीटवर बसायचो, बरोबर डागावर. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला शकू, आणि मधे मी, चहाच्या ट्रेसारखा. दोघी माझ्या अंगावरून बोलायच्या. बायकांचं बोलणं माझ्यापुढे मोकळं होईना. ताई काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या, माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "भाजीत मीठ बरं होतं आज."

मला पाय मोकळे करावेसे वाटायचे, बाल्कनीत जावंसं वाटायचं, पण उठायची सोय नव्हती. दारावर कोणी आलं तरी शकूच धावायची. चार-पाच दिवस असे गेले. मग ताईंनी शकूला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"भाऊ आजकाल जागचे उठतच नाहीत वं. डॉक्टरले दाखवलं का?"

*

मग सोफा धुणारा बोलावला. मोटरसायकलवर मशीन बांधून आला. मशीन सुरू झालं तशी खालून ताईंची हाक आली, "शकू, काय चालू आहे वं?"

"मिक्सर आहे ताई!"

"एवढं काय वाटून राहिली?"

शकूने माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

त्या माणसाने पुष्कळ खटपट केली. पाणी काळं निघालं, सोफा दोन्ही टोकांना नव्यासारखा झाला, त्यामुळे मधला डाग जास्तच उठून दिसू लागला. शेवटी त्याने मशीन बंद केलं, खाली वाकून वास घेतला.

"काकाजी, सावजी आहे न?"

मी हो म्हणून मान हलवली.

"नाही निघत. माह्या घरच्या सोफ्यावर दोन वर्षांपासून आहे. माही बायको मले अजून त्याच्यावर बसू देत नाही."

*

आणि मग ती संध्याकाळ आली. मी माझ्या जागेवर होतो. ताईंच्या कमरेची किल्ली घसरली आणि सीटच्या फटीत गेली.

"भाऊ, जरा उठा बरं."

"मी काढतो न ताई." मी बसल्या बसल्या हात घातला. किल्ली लागेना.

"अहो उठा न! काय चिकटवलं का तुम्हाले?"

उठलो. काय करणार?

ताईंनी किल्ली काढली नाही. डागाकडे पाहत राहिल्या. लाल आणि पिवळा.

"हे काय वं?"

शकूच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हळदीकुंकू होतं न ताई. करंडा उपडा झाला."

मला मनातून वाटलं, वा! काय सुचलं हिला. रंगही तेच. महिनाही तोच. संक्रांतीनंतर घरोघर हळदीकुंकू चाललेलंच होतं.

ताईंनी विचारलं, "कधी केलं?"

"तुम्ही लेकीकडे गेल्या होत्या न, तेव्हा."

"मी नव्हती तेव्हा."

"हो."

ताई डागाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. किल्ली काढली, कमरेला खोचली. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. चहा तसाच. जिना त्या दिवशी वाजलाच नाही, इतक्या हळू उतरल्या.

मी म्हटलं, "सुटलो!"

शकू भिंतीला टेकून उभी होती.

"काय सुटलो जी? त्यायले वाटलं, विधवा बाई नको म्हणून मी पाहून पाहून त्या नसतानाचा दिवस धरला."

*

दुसऱ्या दिवशी दिवाबत्ती झाली. जिना वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आधी जिना वाजला की धडकी भरायची, आता वाजत नव्हता म्हणून चैन पडेना. शकू चहा ठेवायची, गॅस बंद करायची, दारापर्यंत जायची, परत यायची. मी म्हटलं, जेव. ती म्हणाली, भूक नाही.

मग अचानक पदर खोचला आणि निघाली. गुडघे धरून एकेक पायरी उतरत होती. मी मागे.

"शकू, खरं सांगशील तर घर जाईल."

"जाऊ द्या."

"तूच म्हटलं होतं न, हे घर सोडायचं नाही."

"घरासाठी म्हटलं होतं का मी?"

ताई दारात बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वर पाहिलं नाही. शकू समोर उभी राहिली. बसलीही नाही.

"ताई, ते हळदीकुंकू नव्हतं. मटण होतं."

शेंग हातातच राहिली.

"माह्या भावानं आणलं. त्याच्याच्यानं सांडलं. मी खोटं बोलली. तुम्ही म्हणान तर महिन्याखेरीला घर रिकामं करून देतो."

ताईंनी मान वर केली. "म्हणजे हळदीकुंकू केलंच नाही तू?"

"नाही केलं."

"कोनालेच बोलावलं नव्हतं?"

"कोनालेच नाही."

"निव्वळ मटण?"

"निव्वळ मटण, ताई. देवाशपथ."

ताईंनी परात बाजूला सरकवली. उठल्या. मला वाटलं आता आत जाऊन दार लावतात. तर त्या जिन्याकडे वळल्या आणि आमच्या पुढे खणखण पायऱ्या वाजवत वर चढल्या. आम्ही हळूहळू पोहोचेपर्यंत ताई सोफ्यावर बसलेल्या होत्या. टोकाला नाही, मधोमध, डागावर, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून.

शकू दारातच थांबली.

ताईंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चहा ठेव वं. आलं जास्त टाकजो. दोन दिवसांपासून घसा बसला माहा."