चालमास्तरांची बायको सरळ चालायची

आमच्या शेजारचे गृहस्थ माणसाशी बोलताना त्याच्या गुडघ्यांकडे बघतात. नवखा माणूस बिचारा गोंधळतो, पँट झटकतो, बुटांची नाडी सुटलीय का पाहतो. त्यांचाही इलाज नाही, नोकरीच तसली. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात एक लांबलचक, बिनखिडकीची खोली आहे. तिथे लोकांच्या पायांना चमकणारे छोटे गोळे चिकटवायचे, त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं, आणि चालताना गुडघ्याच्या कुठल्या बाजूवर किती भार पडतो ते यंत्रांवर टिपायचं. त्यावरून डॉक्टर मंडळी संशोधन करतात: गुडघा का झिजतो, कोणाचं व्यायामावर भागेल, कोणाला ऑपरेशन लागेल. आमचे शेजारी गोळे चिकटवतात आणि काढतात. चिकटपट्टीबरोबर पायाचे केस निघाले की लोक ओरडतात. ते ओरडणंही यांच्याच वाट्याला.

मी त्यांचं नाव ठेवलं चालमास्तर. ते इमारतीत इतकं रुळलं की मीटर बघायला येणाराही आता त्याच नावाने दार विचारतो. मग ओघानेच त्यांची बायको मास्तरीण झाली. शिकवण्याशी तिचा काही संबंध नाही. ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असते आणि लोकांना गुडघेदुखीचं मलम विकते.

संध्याकाळी चालमास्तर घरी येतात ते धुवून पिळलेल्या फडक्यासारखे. गॅलरीत स्टूल टाकतात, चहाचा कप हातात धरतात आणि तो गार होईपर्यंत तसेच बसतात. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. माझ्यासारखीला ती असून नसल्यासारखी.

"काय भाऊजी, आज किती गुडघे?"

"मोजायला लावू नका वहिनी. मोजले की माझे दुखतात."

कधी बोलायच्या मनःस्थितीत असले तर सांगायचे, "लोक खरं चालतच नाहीत हो. 'चला' म्हटलं की लंगडासुद्धा कवायतीला आल्यासारखा ताठ चालतो. मग मी म्हणतो, 'झालं, बसा.' की सुटला! खुर्चीकडे जाताना खरा पाय बाहेर येतो. म्हणून मी यंत्र आधीपासून चालू ठेवतो, आणि 'झालं' म्हटल्यावरही बंद करत नाही. सही घेतानाच सांगितलेलं असतं तसं, पण लक्षात कोण ठेवतं?"

"लबाड आहात."

"मी कुठला लबाड? पाय लबाड असतो."

आणि असल्या माणसाच्या स्वतःच्या घरात एक लबाड पाय कित्येक वर्षं सुखाने नांदत होता.

मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक आणि जिना दिसतो. कोण कधी आलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, हे मला कळतं. कोणीतरी ठेवायलाच हवं ना लक्ष. मास्तरीण दुकानातून परत येताना उजवा पाय ओढत यायची. फाटकाशी थांबायची, मान वर करून आपली गॅलरी बघायची. नवरा तिथे बसलेला दिसला की पाठ ताठ, पाऊल सरळ, चेहऱ्यावर हसू. रिकामी गॅलरी दिसली की तशीच फरफटत आत. दोघं बरोबर आले तर जिन्याशी हिला हमखास काहीतरी आठवायचं. "तुम्ही व्हा पुढे, मी आले." नवरा तिसऱ्या मजल्यावर दार उघडून आत गेला की ही कठडा धरून एकेक पायरी चढायला लागायची. घरात टेबल, खुर्ची, ओटा असं काहीतरी हाताशी असायचंच.

मलम ती माझ्या घरी लावायची. स्वतःच्या घरात लावलं असतं तर वास आला असता. दुपारच्या सुट्टीत यायची, माझ्या पलंगावर पाय लांब करून बसायची आणि चोळायची. गुडघा गरम, सुजलेला, आतल्या बाजूने वाकडा.

"अगं, सांग ना त्यांना," मी म्हटलं. "घरात गुडघ्यांचा माणूस असताना माझ्या चादरीला कशाला वास?"

"गुडघ्यांचा माणूस आहे म्हणूनच नाही सांगायचं."

"हे काय नवीन?"

ती थोडा वेळ चोळत राहिली. मग म्हणाली, "तू बघतेस ना ते लोकांकडे कसे बघतात? तुझ्याकडे, दूधवाल्याकडे, माझ्या सख्ख्या भावाकडे. सगळ्यांकडे कमरेच्या खाली. एक मी सुटलेय. माझ्याशी तोंडाकडे बघून बोलतात. कळलं की मीपण गुडघा होईन."

मी ट्यूबचं झाकण शोधून तिच्या हातात दिलं.

"तोंड उघडलंस ना, तर परत पाय ठेवणार नाही तुझ्या घरात," ती म्हणाली.

"नाही उघडणार," मी म्हटलं. शब्द म्हणजे शब्द.

त्या शब्दापायी मात्र माझी अब्रू गेली. माझ्या घराला कायम मलमाचा वास. आमचे हे म्हणायला लागले, "वय झालं हो तुमचं." खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला न विचारता आपली जुनी काठी दारात आणून ठेवली. आणि चालमास्तरांनी एकदा जिन्यात नाक वर करून हळूच विचारलं, "वहिनी, कुठला पाय?"

"उजवा," मी ठोकून दिलं. पुढच्या खेपेला विचारलं तेव्हा मी डावा म्हणाले. भला माणूस, दोन्ही पायांकडे एकदा बघून वर गेला.

एका संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते, मास्तरीण दोरीवरचे कपडे काढत होती, मी भिंतीवर कोपर टेकून नेहमीसारखी उभी. डॉक्टरांचं नवं संशोधन सुरू झालंय म्हणाले. "सांध्यातली गादी एकाच बाजूने झिजली असेल आणि माणूस वेळेत आला, तर नडगीचं हाड थोडं कापून पाय सरळ करता येतो. भार चांगल्या बाजूवर जातो. आपलाच सांधा बरीच वर्षं चालतो. पण लोक येतात कधी? दोन्ही बाजू गेल्यावर. मग हाड कापून काही उपयोग नाही. बदला सांधा."

मास्तरणीचा हात दोरीवरच थांबला. "किती उशीर म्हणजे उशीर?"

"ते चाल बघितल्याशिवाय, एक्स-रे काढल्याशिवाय कसं सांगणार? का गं?"

"दुकानात येते एक बाई."

"पाठव तिला." मग ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या गुडघ्यांकडे वळले. "वहिनी, तुम्हीपण या. पन्नाशीच्या आसपासच्या बायका हव्याच आहेत त्यांना. निदान कळेल तरी कुठपर्यंत आलंय."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. खरा भार आहे तो माझ्या जिभेवर. पण मास्तरीण कपड्यांच्या आडून माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हटलं, "येते की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मलम लावायला आली तेव्हा मी अट घातली. "तुझ्या गुडघ्यासाठी मी परक्यासमोर पाय उघडे टाकणार. निदान सोबत तरी चल." तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय तिला काय, खुर्चीवरच बसायचं होतं.

तळघरातल्या त्या खोलीत मला अर्धी विजार दिली. आयुष्यात पहिल्यांदा घातली. आरशात बघून मी मास्तरणीला म्हटलं, "एवढी वर्षं हे सौंदर्य उगाच झाकून ठेवलं." ती हसली, पण दाराजवळच्या खुर्चीवर अगदी टोकाला बसली होती. आत येताना नवरा बघत होता, म्हणून सरळ चालत आली होती, आणि त्याचा घाम अजून कपाळावर होता.

चालमास्तरांनी माझ्या पायांना गोळे चिकटवले. खोलीच्या टोकाला काचेची छोटी खोली, त्यात संगणक. कॅमेऱ्यांना परका उजेड चालत नाही म्हणून काचेवर आतून काळा पडदा. आत बसलेल्याला बाहेरचं माणूस दिसत नाही. संगणकावर दिसतात फक्त ठिपके, आणि जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून पाऊल पडलं की वजनाची एक रेघ. चांगल्या पायाची रेघ दोन टेकड्यांसारखी उठते. दुखऱ्या पायाच्या टेकड्या बसतात, कारण माणूस त्या पायावर वजन टाकायला घाबरतो. हे सगळं मला त्यांनीच समजावलं आणि पडद्याआड गेले. बरोबर डॉक्टरीणबाई, तरुण, फार सभ्य.

भोंग्यातून आवाज आला, "चला वहिनी."

मी चालले. शक्य तेवढं लंगडले. परत येताना पाय कुठला ते विसरले.

"वहिनी," भोंगा दमलेल्या आवाजात म्हणाला, "नुसतं चाला हो."

मग चालले नुसतं. दोन सुबक टेकड्या आल्या असणार. आत डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणाल्या, कोणीतरी उसासा टाकला. "झालं वहिनी. गोळे काढून ठेवा, कपडे बदला."

कपडे बदलायचा आडोसा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. मी आडोशाआड गेले आणि हाक मारली, "अगं, माझे कपडे तुझ्या शेजारी राहिलेत. आण ना तेवढे."

राहिले नव्हते. मी ठेवले होते.

दोन्ही भिंतींना कॅमेऱ्यांचे तिपाये आणि वायरी, वाट तेवढी मधूनच. मास्तरणीने पडद्याकडे बघितलं. पडदा काळा. 'झालं' तर म्हणून झालं होतं. ती उठली, माझे कपडे उचलले आणि निघाली, तिच्या खऱ्या चालीने. एक पाऊल टाकायचं, दुसरं मागून ओढून आणायचं. पट्टीच्या बरोबर मध्यावर होती तेव्हा भोंगा खरखरला.

"वहिनी! आत्ता चाललात खरं. उजव्यावर वजनच टाकत नाही तुम्ही. एवढं असताना मघाशी नाटक कशाला..." आवाज थांबला. पुन्हा आला तो हळू. "हे वजन तुमचं नाही."

माझं वजन लपण्यासारखं नाही, हे मी नाकारत नाही.

मास्तरीण जिथे होती तिथेच उभी. पडदा बाजूला झाला. चालमास्तर काचेमागे उभे होते. त्यांनी आधी खाली बघितलं, सवयीने. आणि तिने माझे कपडे दोन्ही हातांनी आपल्या गुडघ्यांसमोर धरले. कोणी अवचित आत आल्यावर बाईमाणूस अंग झाकतं, तसे.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तिचा एक्स-रे काढला. हाड कापून पाय सरळ करायची वेळ निघून गेली होती. दोन्ही बाजू झिजल्या होत्या. मांडीचे व्यायाम करायचे, काठी डाव्या हातात धरायची, उभं राहणं कमी. आणि सोसेनासं झालं की सांधा बदलायचा. चालमास्तर मान डोलावत होते. हे सगळं त्यांना पाठ असणार, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकत होते.

आम्ही तिघं घरी आलो. जिन्याशी तिने सवयीने म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

"नाही."

दुसऱ्या मजल्यावर दोघंही बसले, पायरीवरच. मी खाली, तिघांच्या पिशव्या हातात, पुढे जाता येईना की मागे.

"झाले ना मी गुडघा?" ती म्हणाली. "झालं एकदाचं."

त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मग म्हणाले, "दिवसभर पायच बघतो गं. घरी आल्यावर तुझ्या तोंडाकडे बघायचो ते खाली बघावं लागू नये म्हणून. वाटायचं, इथे तरी सगळं ठीक आहे. इथे बघायची गरज नाही. दमतो मी."

"मीपण दमलेय. सरळ चालून."

खालच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ वाहत होता. त्यांनी डोळे चोळले.

"मग लंगड आता. घरात तरी लंगड."

"तुम्ही बघणार."

"नाही बघत. जा."

असं म्हणून ते खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. जिन्यात कोणी बूट काढतं का? ती उठली, कठडा धरला आणि तिसरा मजला चढली, जशी माझ्या खिडकीतून रोज दिसायची तशी. पायऱ्यांवर वाजत होतं, एक जड, एक हलकं, एक जड. त्यांना आवाजावरूनही सगळं कळत असणार. पण दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मास्तरीण माझ्याशी अजून बोलत नाही. शब्द मी पाळला, तोंड उघडलं नाही, पण हे तिला कोण समजावणार? तिची मलमाची ट्यूब माझ्या पलंगाजवळ तशीच आहे, अर्धी. आमचे हे परवा नाक वर करून म्हणाले, "घर कसं रिकामं रिकामं वाटतंय."

संध्याकाळी भिंतीपलीकडून आता पावलं ऐकू येतात. एक जड, एक हलकं, मध्येच काठी. आधी कधी यायची नाहीत.