मेल आला का, बाई?

मुरूम गावातल्या एका डाळमिलच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्यातली बरीच वर्षं मिलचे ई-मेल फक्त माझ्या हातात होते. एकच कॉम्प्युटर, त्यावर एक जुनाट मेलचा प्रोग्राम. तो उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. मध्येच अडकला की काय केल्यावर पुन्हा चालतो, हे मला एकटीलाच ठाऊक होतं आणि मी ते कुणाला शिकवलं नव्हतं. त्यामुळं व्यापाऱ्यांची मागणी कळायला मालकसुद्धा माझ्या दारात उभे राहून विचारायचे, "मेल आला का, बाई?" हा प्रश्न ऐकायला मला फार आवडायचं.

मग लातूरला शिकलेली नवी अकाउंटंट आली. आल्या आल्या सगळे तिला मॅडम म्हणायला लागले. मी इतकी वर्षं घासून बाईच. ती मला काकू म्हणते, तेही हसून. तिच्यावर चिडावं असं ती काही करत नाही, त्यानं तर आणखीच अंगाचा तिळपापड होतो.

एके दिवशी बँकेच्या नावानं खोटा मेल आला, पासवर्ड मागणारा. मी काही दिला नाही, पण मालक घाबरले. मॅडम म्हणाली, "हा प्रोग्राम बनवणाऱ्यांनीच सोडून दिलाय. आता यात कुणीही घुसेल." लगेच नवा प्रोग्राम आला. खोटे मेल तो बाहेरच अडवतो आणि खरे मेल सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम पोचतात. मुकादमसुद्धा पोत्यावर बसून मेल वाचायला लागला.

"बाई, तुमच्या मोबाईलवर बी टाकून घ्या की," मालक म्हणाले.

"मला न्हाय लागत," मी म्हणाले. वाटलं, अडेल त्यांचं आणि येतील धावत. कुणाचंच काही अडलं नाही. मला कुत्रंही विचारेना. येरमाळ्याला देवीपुढं हात जोडले तेव्हाही माझ्या मनात तेच, तो प्रोग्राम एकदा बंद पडू दे.

खंडेनवमीला आमच्या मिलमध्ये हत्यारांची पूजा असते. जो जे चालवतो, त्यानं त्याला हळदकुंकू वाहायचं. चाळण्या मुकादमाच्या, ट्रक ड्रायव्हरचा, कॉम्प्युटर माझा. यंदा मालक म्हणाले, "आता मेल मोबाईलवर येतो, तर मोबाईलच ठिवा ताटात. पूजा बाईच करतील."

मी सुखावले, खोटं कशाला बोलू. एकेका मोबाईलला हळदकुंकू लावलं, मॅडमच्यालाही, जरा कमीच. तेवढ्यात ताटातले सगळे मोबाईल एकदम वाजले. ज्यानं त्यानं आपापला उचलला. मला विचारायची कुणाला गरजच नव्हती.

मालकांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. हैदराबादचे जुने व्यापारी. दिवाळीसाठी तूरडाळ पाहिजे होती, आणि खाली एक ओळ होती: बरेच दिवस बाईंचं उत्तर नाही, बाई आहेत ना अजून?

या माणसानं मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. इतक्या जणांत त्याला मीच आठवले. मी मॅडमकडं बघून घेतलं आणि म्हणाले, "थांबा, त्यांना मीच लिहिते." हाताला हळद होती, म्हणून नळावर गेले. चांगले चोळून हात धुतले. काय लिहायचं ते तिथंच मनात जुळवलं.

परत आले तर मॅडमचा अंगठा मोबाईलवरून उठत होता.

"काकू, तुम्ही आहात म्हणून कळवलं मी," ती हसून म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल पुन्हा वाजला. तिनं वाचलं आणि तिचं हसू आणखी पसरलं.

मी पदराला हात पुसत तिच्या टेबलापाशी उभी राहिले. शेवटी विचारलंच.

"त्यांचाच मेल आला का, मॅडम?"