सोफ्यावरचे साहसवीर

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कसला आलाय धोका, असं लोकांना वाटतं. साफ चूक! आमच्या डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या वाचन-मंडळाला विचारा. पुस्तकं झाली जेमतेम चौदा, किस्से मात्र मोजायचं सोडून दिलंय. पुस्तकांची नावं आम्हीच विसरतो, पण किस्से आमच्या शेजारच्या ब्रीडाबाईंनाही पाठ आहेत.

मंडळ म्हणजे चार डोकी. नागपूरचा निलेश, त्याची बायको अनघा, माझी बायको मुग्धा आणि मी. चौघंही सॉफ्टवेअरवाले. दिवसातली सगळ्यात मोठी चढण म्हणजे ऑफिसचा जिना, आणि तिथेही लिफ्ट आहे. वाचायचं मात्र फक्त बर्फात अडकलेल्या, रानात हरवलेल्या आणि होडीतून वाहून गेलेल्या माणसांबद्दल. तेही सोफ्यावर, पायावर पांघरूण घेऊन!

यंदा जवळच्या लायब्ररीने आम्हाला एक फळी देऊ केली. तुमच्या आवडीची पुस्तकं ठेवा, प्रत्येकाखाली शिफारशीचं छोटं कार्ड लावा. निलेशने लगेच फतवा काढला, "अबे, नुसतं वाचून शिफारस नाही करायची! पुस्तकातली एक तरी गोष्ट करून दाखवायची. तीही मोबाईलशिवाय!"

हे माझ्या मुलीने ऐकलं. इरा बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्रजीत येतं. "बाबा, हॅव यू एव्हर डन एनी ऑफ इट? लाइक, अ‍ॅक्च्युअली?"

मला लागलं हो ते. काही वर्षांपूर्वीपर्यंत बाबाला सगळं येतं असं समजणारी पोरगी ही, आता खोलीचं दार लावून बसते. मी म्हटलं, "माझ्या पुस्तकासाठी आपण दोघं डोंगरावर जाऊ. कार्ड तू लिही, मनात येईल ते."

ती म्हणाली, एकदा येईन, पण चारचौघांत माझं हसं केलंस तर पुन्हा तुझ्याबरोबर कुठेही येणार नाही. आणि इरा बोलते तसं करते, आईवर गेलीय.

* * *

पहिला नंबर अनघाचा. तिच्या पुस्तकातला माणूस दिवसाला चार बिस्किटांवर जगतो. म्हणून एका रविवारी सगळे निलेशच्या घरी जमलो, प्रत्येकी चार बिस्किटं घेऊन. सकाळपासून अगदी गंभीर चेहरे.

पण निलेशची आई तीन महिन्यांसाठी वर्ध्याहून आलेली होती, हे कोणाच्या लक्षातच नाही! काकूंनी आमच्याकडे बघितलं, बिस्किटांकडे बघितलं. "एवढ्या दूर येऊन उपाशी कायले मरता बाप्पा?"

अकरा वाजता झुणका-भाकरी पानात. आता काकूंना नाही कोण म्हणणार? मी म्हटलं, "अर्धीच द्या." अर्धी मागणाऱ्याला दोन मिळाल्या. मुग्धाने "पोट भरलं" म्हटलं, तर तिला वर ठेचा मिळाला.

संध्याकाळी अनघाने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'दिवसभरात बिस्किटं फक्त चार खाल्ली.' चहाबरोबर खाल्ली होती आम्ही ती.

* * *

मग निलेश. काडेपेटीशिवाय जाळ करायचा, आमच्या मागच्या अंगणात. गारगोटी ऑनलाइन मागवलेली, प्रकरण तिसरं तोंडपाठ. आणि पाऊस भुरभुरतोय, म्हणजे नेहमीचंच!

आम्ही दोन छत्र्या धरल्या. एक निलेशवर, एक पुस्तकावर. लाकडांवर छत्री धरायचं कोणालाच सुचलं नाही. दीड तास घासाघीस चालली, पुस्तक कोरडं ठणठणीत आणि लाकडं चिंब.

भिंतीवरून ब्रीडाबाईंचं डोकं वर आलं. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. पाच मिनिटं शांतपणे बघत होत्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, "आर यू कोल्ड, लव्ह?" आणि हात लांब करून लायटर दिला.

निलेश कपाळाला हात लावून म्हणाला, "पुस्तक राहू द्या बे, फळीवर या बाईंनाच बसवा!"

* * *

मुग्धाचं पुस्तक रानभाज्यांवरचं होतं. इथे रस्त्याच्या कडेला एक पाला माजलेला असतो, हात लावला की आग आग होते. शिजवला की मात्र एकदम गरीब होतो. मुग्धाने त्याच्या अळूवडीसारख्या वड्या केल्या, आणि खोटं कशाला बोलू, फर्मास झाल्या होत्या!

पाला तोडायचं काम माझ्याकडे होतं. हातमोजे घाला, हे पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं.

सोमवारी सुजलेल्या बोटांनी टायपिंग करत होतो. मॅनेजरने विचारलं, काय झालं? मी छाती फुगवून सांगितलं, रानातून अन्न गोळा करत होतो.

तो काळजीने म्हणाला, "पण आपल्याकडे कँटीन आहे ना?"

* * *

शेवटी माझी पाळी आली. डब्लिनच्या दक्षिणेचा डोंगर, रविवारची सकाळ, इरा आणि मी. नियमाप्रमाणे मोबाईल गाडीत ठेवले. नकाशा माझ्या हातात. नकाशावरून डोंगरात वाट काढायचं पुस्तक दोनदा वाचलेलं, त्यामुळे आवाजात एक वेगळाच भारदस्तपणा आलेला.

वर पोचलो आणि धुकं उतरलं. दहा पावलांपुढचं दिसेना. मी नकाशा बघून रस्ता काढला. अर्ध्या तासाने एक मोडकं फाटक लागलं. आणखी अर्ध्या तासाने तेच फाटक लागलं.

"बाबा, आर वी लॉस्ट?"

"छे! जरा थांबलोय."

आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. पोरगी बरोबर, आणि हा गाढवपणा संपूर्ण माझा! पुस्तकात म्हटलंय, हरवलात तर एका जागी बसा, शिटी वाजवा, अन्न पुरवून खा. बसलो. शिटी वाजवली. मुग्धाने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या चार मिनिटांत संपवल्या. इराला थंडी वाजायला लागली, मी माझं जॅकेट तिला घातलं.

तेवढ्यात धुक्यातून एक बाई आल्या, बरोबर छोटा कुत्रा. शिटी ऐकून मुद्दाम वाट वाकडी करून आलेल्या! म्हणाल्या, "आर ये ऑल राइट देअर?" असं काहीसं, त्यांच्या गोड डोंगरी सुरात.

आणि मी काय म्हणावं? आयुष्यभराची सवय हो! कोणी मदत विचारली की आधी 'नको नको, उगाच तुम्हाला कशाला त्रास' हेच तोंडातून येतं. त्यात सात वर्षं आयर्लंडमध्ये काढलेली, जिथे काहीही झालं तरी 'ग्रँड', म्हणजे 'अगदी मजेत', असंच म्हणायचं. मी हसून हात हलवला, "ग्रँड! वी आर ग्रँड!"

"गुड मॅन," बाई म्हणाल्या, आणि गेल्या की निघून धुक्यात!

इराने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सांगू शकत नाही. मग ती उठली आणि माझं जॅकेट सावरत, घसा फोडून ओरडत धावली, "सॉरी! ही इज नॉट ग्रँड! माय डॅड इज लॉस्ट!"

गाडी दोनशे पावलांवर होती. बाई पार्किंगपर्यंत सोडायला आल्या. तिथे दहा-बारा माणसं बूट काढत बसलेली, सगळ्यांनी ती आरोळी ऐकलेली. झालं, म्हटलं, चारचौघं म्हणाली होती, इथे तर डझनभर आहेत! घरी येईपर्यंत इरा खिडकीकडे तोंड करून बसली. मी गाडी चालवत राहिलो, मान खाली घालता येत नाही म्हणून समोर बघत.

गेल्या शनिवारी फळी लागली. बाकीची तिघं आपापली कार्डं बघत होती, मी माझ्या पुस्तकाकडे चोरासारखा गेलो. इराने कार्ड कोणालाच दाखवलं नव्हतं. अक्षर तिचंच, मजकूर इंग्रजीत, मराठीत सांगतो:

'पुस्तक चांगलं आहे. माझ्या बाबाने दोनदा वाचलंय. पुढच्या वेळी नकाशा मी धरणार.'